हौद्यातलं वजन : स्पितीसाठी पिकअपची तयारी (प्रकल्प नोंदी)

गाडी : डबल कॅब पिकअप, २.५ लिटर टर्बो डिझेल, पाच गिअर, पार्टटाइम फोर व्हील ड्राइव्ह (२एच : जोर दोन चाकांना, ४एच : चारही चाकांना, ४एल : चारही चाकांना, हळू पण जास्त जोराने), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). हौदा १,५५० मिमी लांब. टाकी ७० लिटर. माणसं दोन.
मार्ग (सप्टेंबर २०२४, हिमाचलातलं स्पिती खोरं) : पुणे, शिमला, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, बातल, कोकसर, मनाली. मुक्काम शक्य तिथे हौद्यातच.

२ जून २०२४

सामान घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर. टाकी भरलेली, आत कोणी नाही. एकूण १,९६० किलो. पुढचा एक्सल १,११०, मागचा ८५०. चासीवरच्या पाटीप्रमाणे एकूण मर्यादा २,५१० किलो. म्हणजे माणसं धरून हातात ५५० किलो.

एक्सल वेगवेगळे मोजायचे तर आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी. काट्याची फळी आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. बहुतेक काटे १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतात, तेवढी चूक धरून चालायचं. काटेवाल्याला दोन पावत्या हव्यात हे आधीच सांगायचं, म्हणजे मागे ट्रक लागलेला असताना घाई होत नाही.

५ जून

कागदावरची पहिली यादी, किलोमध्ये : माणसं १५०, फायबरची कॅनॉपी (हौद्यावरचं बंद छप्पर) ६०, प्लायचे खण ९५, छतावरचा तंबू ६२, फ्रिज आणि त्यातलं खाणं ३०, बॅटरी-इन्व्हर्टर २२, पाणी ६०, डिझेलचे दोन कॅन ४०, रिकव्हरीचं (अडकलेली गाडी काढायचं) सामान ४५, लोखंडी बंपर आणि विंच (गाडी ओढायची दोरीची चरखी) ८५, दुसरी स्टेपनी ३२, चूल-भांडी-सिलिंडर २५, कपडे-अंथरूण ४०, हत्यारं २५.

बेरीज ७७१. मर्यादेच्या २२१ किलो वर, आणि यात उधळपट्टी म्हणावी अशी एकही वस्तू नाही. या कामातली खरी अडचण हीच आहे. प्रत्येक वस्तूमागे पटणारं कारण असतं आणि सगळी मिळून पाटा मोडतात.

९ जून

काटछाट.

विंच आणि बंपर बाद. ८५ किलो पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकतात. शिवाय स्पितीच्या मोठ्या भागात विंचची दोरी बांधायला झाडच नाही. परदेशी याद्यांमध्ये विंच पहिल्या पानावर असते कारण तिथे जंगलातला चिखल आहे. इथे अडचण येते ती गोटे, नाले आणि दरडींची. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत, तो मुद्दा वेगळाच.

छतावरचा तंबू बाद. ६२ किलो दोन मीटर उंचीवर नेले की आडव्या उताराच्या रस्त्यावर गाडी खोल दरीकडे कलल्याचं स्टिअरिंगमध्ये कळतं. झोपायचं कॅनॉपीत. ६ किलोची गादी पुरते.

फ्रिज बाद. सप्टेंबरात ४,००० मीटरवर रात्री बाहेर ठेवलेलं दूध नासत नाही, गोठतं. फ्रिज गेला की १०० अँपिअर-तासाची बॅटरी नको आणि इन्व्हर्टरही नको. ५० अँपिअर-तासाची लिथियम (एलएफपी) बॅटरी आणि चार्जर मिळून १० किलो. कोरडा शिधा वेगळा धरायचा, २२ किलो.

डिझेलचे भरलेले कॅन बाद. हिशेब : ४एलमध्ये बरंच चालून लिटरला ८ किमी धरले तरी टाकीत ५६० किमी. काझ्याहून मनाली सुमारे २०० किमी. एक रिकामा कॅन (४ किलो) ठेवला, बाजूच्या खोऱ्यांत जास्त फिरायचं ठरलं तर काझ्यात भरता येईल.

हायलिफ्ट जॅक (बंपरला लावून गाडी उंच उचलणारा) बाद, १३ किलो. लोखंडी बंपर नसेल तर तो लावायचा कुठे? पत्र्याच्या काठाला लावला तर पत्रा दुमडतो आणि जॅक निसटतो. ४ टनांचा बॉटल जॅक आणि खाली ठेवायला १८ मिमी प्लायचा ३०० बाय ३०० मिमीचा तुकडा पुरतो. मऊ जमिनीत या तुकड्यावाचून जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.

पाणी ६० वरून ४० लिटर. कपडे-अंथरूण ३४ किलो.

दुसरी स्टेपनी ठेवली. ट्रेडमधलं (जमिनीला टेकणाऱ्या भागातलं) भोक बोळ्याने बुजतं, बाजूची भिंत धारदार दगडाने चिरली तर टायर गेला. बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात दोन टायर चिरणं अशक्य नाही आणि तिथे दुकान नाही.

२३ जून

खण. आधीचं चित्र १८ मिमी प्लाय आणि बॉल-बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनल असं होतं. आठ बाय चारचा १८ मिमीचा बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) तक्ता ४० किलोच्या आसपास भरतो, १२ मिमीचा २७. दोन जाड तक्ते आणि चॅनल मिळून ९५ किलो झाले असते. आता दीड तक्ता १२ मिमीचा, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचे अँगल, आणि चॅनलऐवजी ३ मिमीच्या यूएचएमडब्ल्यू (टणक, गुळगुळीत प्लास्टिकच्या) पट्ट्या. खण त्यांच्यावर नुसता घसरतो. सगळं मिळून ४८ किलो.

चॅनल टाळायचं दुसरं कारण धूळ. गोळ्यांच्या ग्रीसमध्ये बारीक वाळू बसली की दोन दिवसांत चॅनल दळायला लागतो, तिसऱ्या दिवशी अडकतो. पट्टीवरची धूळ फडक्याने पुसली जाते. पट्टीचे स्क्रू काउंटरसिंक करून पृष्ठभागाच्या १ मिमी खाली घ्यायचे, नाहीतर पट्टी झिजल्यावर डोकी खणाचा तळ खरवडतात.

बैठक चाकाच्या कमानींच्या वर, २८० मिमी उंचीवर, म्हणजे पूर्ण रुंदी मिळते. लांबी मात्र १,५५०च. मागे बिजागरीवर ३०० मिमीची फळी लावली. फाळका उघडला की ती त्यावर टेकते आणि १,८५० मिमी होतात. वर कॅनॉपीच्या दारापासून फाळक्यापर्यंत ताडपत्रीची झालर, वेल्क्रोने. आत ६२० मिमी उंची उरते. कोपरावर रेलता येतं, उठून बसता येत नाही. हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं, उंची वाढवायला गेलं की पुन्हा वजन.

सगळा सांगाडा हौद्यातल्या मूळ चार कड्यांच्या जागी ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी बसवला. हौद्याला एकही नवं भोक नाही. सुताराने प्लायच्या कडांना वॉर्निश देणं टाळलं होतं. कडा उघड्या राहिल्या की प्लाय तिथूनच पाणी पितो. दोन हात स्वतः दिले.

७ जुलै

वीज. इंजिनाच्या बॅटरीपासून हौद्याजवळच्या चार्जरपर्यंत वायर ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १०. चार्जर ३० अँपिअर ओढतो. ६ चौ. मिमी वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, १६ चौ. मिमीमध्ये ०.३५. म्हणून १६ची. दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. एकच टोक राखलं आणि मधे पत्र्याने वायर खाल्ली, तर दुसरी बॅटरी ती वायर लाल होईपर्यंत तापवू शकते.

एलएफपी बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही. पेशी कायमच्या बिघडतात. बीएमएस (बॅटरीतलं राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतो, पण सगळे तोडत नाहीत. म्हणून बॅटरी हौद्यात न ठेवता केबिनमध्ये, मागच्या सीटखाली.

हवेचा कंप्रेसर सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा नाही. तो ३० अँपिअरपर्यंत जातो, तिथला फ्यूज १५चा. चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू.

२१ जुलै

भरलेल्या गाडीचं पहिलं वजन. दुसरी स्टेपनी आणि पाण्याचे दोन्ही कॅन सोयीसाठी फाळक्याजवळ. एकूण २,४७० (कागदापेक्षा २० जास्त, बोल्ट, पट्टे, रबरी चटई धरलीच नव्हती). पुढे १,१७०, मागे १,३००.

मग ते ७२ किलो उचलून केबिनच्या भिंतीला टेकवले. एकूण तेवढंच. पुढे १,२००, मागे १,२७०. वस्तू तीच, फक्त दीड मीटर पुढे आली आणि मागच्या एक्सलवरून ३० किलो उतरले. मागच्या एक्सलच्या पाठीमागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं : मागे स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचं स्टिअरिंग हलकं करतं. डबल कॅब पिकअपच्या चासी केबिनच्या मागे वाकतात त्या बहुतेक अशाच भाराने, विशेषतः खडबडीत रस्त्यावर वेगात. दुसरी स्टेपनी रोज लागत नाही. ती आत, तळाशी, पुढे. रोज लागणाऱ्या हलक्या वस्तू मागे.

चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत उंची : रिकामी ५६० मिमी, भरलेली ५०५. बंप स्टॉपपर्यंत (पाटे पूर्ण दबले की एक्सल आदळतो त्या रबरी ठोकळ्यापर्यंत) ४० मिमी उरतात. हे कमी आहे.

४ ऑगस्ट

पाटे. जुन्याच पाट्यांना ठोकून बाक द्यायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळाला. स्वस्त पडतो, पण थंड ठोकलेला पाटा पुन्हा उष्णता-प्रक्रिया न करता वापरला की काही हजार किलोमीटरमध्ये बसतो. त्याऐवजी १५० किलोच्या कायम भारासाठी बनवलेला एक जादा पाटा आणि नवे शॉक. पाट्यांच्या मधे हवेच्या पिशव्या घ्यायचं टाळलं : त्या सगळा भार चासीच्या एकाच बिंदूवर देतात, आणि तो बिंदू वाकणाऱ्या जागेच्या जवळचा आहे.

यू-बोल्ट नवेच. जुने एकदा ताणलेले असतात, पुन्हा त्याच टॉर्कला ते तितकं धरत नाहीत. यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यांचा गठ्ठा एक्सलवर सरकू लागतो आणि सगळा मार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल तिरका. टॉर्क पान्याने आवळून प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या प्लेटवर पिवळ्या ऑइलपेंटची एक सलग रेघ मारली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. ५०० किमीनंतर पुन्हा आवळणं सक्तीचं.

भरलेली उंची आता ५३५. हेडलाइट पुन्हा खाली घेतले.

१० ऑगस्ट

डिफरन्शियलचे (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचे, पुढे नुसतं डिफ) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची तोंडं. तापलेला डिफ थंड नाल्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मागच्या ब्रीदरला ८ मिमीची नळी जोडून टेललाइटच्या मागे वर नेली, पुढच्याची बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत. टोकाला छोटा फिल्टर, तोंड खाली. एक्सल वरखाली होतो तेव्हा ताण येऊ नये म्हणून नळीला वीतभर सैलपणा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि या यादीतलं सर्वांत स्वस्त.

१८ ऑगस्ट

टोचनाचं सामान. २२ मिमीची ९ मीटर कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी, दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या जोडकड्या), दोन ४.७५ टनी बो शॅकल (लोखंडी जोडकड्या), दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), फावडं, जाड हातमोजे, दोरीवर टाकायला जुनं घोंगडं. मिळून ३२ किलो.

गाडीखाली पुढे दिसणारा पातळ हूक हा जहाजावर गाडी बांधायचा असतो, ओढायचा नाही. टो-बॉलला कायनेटिक दोरी कधीही लावायची नाही. गोळा तुटला की तो तोफगोळ्यासारखा येतो. चासीला १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी बसवलेलं टोचन-कडंच वापरायचं. आणि दोरी काढायच्या आधी फावडं. चारही चाकांपुढची ओंजळ-ओंजळ माती काढली, हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, तर दहातल्या बहुतेक वेळा दोरी पिशवीतून बाहेरच येत नाही.

८ सप्टेंबर, नाको

किन्नौरकडून चढण्याचं कारण उंची. कल्पा २,९६० मीटर, नाको ३,६००च्या पुढे, ताबो पुन्हा खाली ३,३००च्या आसपास. शरीराला पायऱ्या मिळतात. मनालीकडून आलं की एका दिवसात ४,५०० मीटरचा कुंझुम.

टायर : पुण्यात ३२ पीएसआय भरलेला टायर तापमान तेच राहिलं तर कुंझुमवर ३७ दाखवेल, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. पण तापमान ३० वरून शून्यावर गेलं की आकडा परत ३३वर येतो. म्हणून सकाळी मापलेला दाब बरोबर वाटतो आणि दुपारी उन्हात टायर टणक होतो. रोज सकाळी, टायर थंड असताना, एकदाच मापायचं. खडीच्या रस्त्याला पुढे २६, मागे २९ ठेवले. वेग ताशी ४०च्या आत.

यू-बोल्टच्या रेघा पाहिल्या. उजवीकडचा मागचा नट : नटावरची पिवळी रेघ आणि प्लेटवरची रेघ यांत ३ मिमीचं अंतर पडलेलं. बाकी सात जागच्या जागी. आठही पुन्हा टॉर्कला घेतले, नवी रेघ पांढऱ्या रंगाची.

१० सप्टेंबर, काझा

पोवारीला टाकी भरली होती. २३५ किमीत २९ लिटर, म्हणजे लिटरला ८.१. कागदावरचा अंदाज बरोबर. इथला इंडियन ऑइलचा पंप ३,७४० मीटरवर आहे. यापुढे थेट मनालीच्या बाजूलाच डिझेल धरायचं. टाकी काठोकाठ, कॅन रिकामाच.

धूळ. हौद्यात पिठासारखी करडी धूळ, कुकरच्या शिट्टीच्या आतसुद्धा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे फाळक्याच्या फटीतून धूळ आत खेचली जाते. फटी बुजवून अर्धंच काम होतं. रबरी बीडिंग फाळक्याच्या खालच्या कडेला दुहेरी केलं आणि कॅनॉपीची पुढची सरकती काच बोटभर उघडी ठेवली, म्हणजे समोरून स्वच्छ हवा आत शिरून दाब राखते. पुढच्या ६० किमीत धूळ निम्म्याहून कमी.

१२ सप्टेंबर, लांगझाच्या वर

रात्री उणे ४. पाण्याच्या कॅनमध्ये दहावा भाग रिकामा ठेवला होता म्हणून कॅन फुगला नाही, पण तोटी गोठली. सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच पातेल्यात काढून ठेवायचं. पातेलं चुलीवर वितळतं, कॅन वितळवता येत नाही.

गॅस मंद. सिलिंडरातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबवतो. ५ किलोचा सिलिंडर कोमट पाण्याच्या बादलीत उभा केला की पाच मिनिटांत ज्योत सरळ होते. त्याला आच दाखवायची नाही, कधीच.

स्वयंपाक. इथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात भात कणीदारच राहतो. कुकरमध्येही ११३ अंशांपर्यंतच जातं, पुण्यात १२०. तूरडाळ रात्रभर भिजवूनही दीडपट वेळ खाते. मूग आणि मसूर आणले ते बरं केलं.

बंद कॅनॉपीत शेगडी, सिगडी, गॅस हीटर काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. समोरासमोरच्या दोन्ही काचा २ सेंमी उघड्या, थंडी कितीही असो. त्यानेच छताला साचणारं दवही कमी होतं. भिंतींना आतून १० मिमी फोम चिकटवल्यावर दव फक्त काचेवर राहिलं.

गाडी रस्त्यालगतच्या खडीवर उभी. कुरणात चाक घातलं नाही. इथली माती वर्षातले काही महिनेच जिवंत असते. गवतावर उठलेली चाकोरी अनेक वर्षं दिसते, आणि ते गवत याक आणि मेंढ्यांचं आहे.

१४ सप्टेंबर, काझा – लोसर – कुंझुम – चंद्रताल

लोसरपर्यंत २एच. पुढे खडी सुरू झाल्यावर ४एच. डांबरावर ४एच लावायचं नाही; मधे डिफरन्शियल नसल्याने पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि लिव्हर परत २एचमध्ये येत नाही. अडकला तर थोडं उलट घेऊन, स्टिअरिंग सरळ ठेवून काढायचा.

या उंचीवर टर्बो २,००० फेऱ्यांच्या खाली दम धरत नाही. तीव्र वळणावर क्लच जाळण्यापेक्षा सरळ ४एल आणि दुसरा गिअर. उतारावरही तेच, ब्रेकला फक्त बोट. कुंझुमच्या देवीला गाड्या प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात, तिथे थांबून ब्रेक हाताने तपासले : चारही सारखे कोमट.

चंद्रताल २००५पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तळ्याकाठी मुक्कामाला बंदी. तंबूंची जागा सुमारे ३ किमी अलीकडे, तिथेच उभे.

१५ सप्टेंबर, बातल – छत्रू – ग्राम्फू

निघालो पहाटे ५.४५ला. हिमनदीचं पाणी दुपारच्या उन्हाने वितळतं आणि नाल्यात संध्याकाळपर्यंत चढतं. पहाटे ते सर्वांत कमी. सकाळी ३५ सेंमी असलेला नाला दुपारी चारला मांडीपर्यंत येऊ शकतो, आणि तळातले गोटेही हललेले असतात. काल कोणी पार झालं याला आज अर्थ नाही.

पहिला नाला काठीने ३५ सेंमी, म्हणजे चाकाच्या मध्याच्या किंचित खाली. दुसरा ४५. चालून पाहताना पाणी गुडघ्यावर आलं तर परत फिरायचं. ४एल, दुसरा गिअर, पाण्यात क्लच नाही, गिअर बदल नाही, चालण्याच्या वेगाने. वेग वाढवला की लाट पंख्यावर येते. रेषा प्रवाहाच्या किंचित खालच्या दिशेने तिरकी, कारण वर तोंड केलं की पाणी बॉनेटवर चढतं. मधल्या मोठ्या गोट्यावर मुद्दाम चाक घेतलं. दोन चाकांच्या मधे घेतला असता तर डिफचा भोपळा त्यावर बसला असता.

पार झाल्यावर ५० मीटर ब्रेक हलका दाबून चालवली. मागचे ड्रम ओले असताना पहिल्या दाबाला काहीच धरत नाहीत.

कोकसरला मागच्या डिफचं बूच उघडून बोट घातलं. तेल सोनेरी, दुधाळ नाही.

२२ सप्टेंबर, पुणे

परतीचं वजन, टाकी भरून : २,४१०. न वापरलेलं : दुसरी स्टेपनी ३२, कायनेटिक दोरी आणि शॅकल ९, रिकामा कॅन ४, जादा भांडी ३, कपडे ७. स्टेपनी आणि दोरी पुढच्या वेळीही येणार. बाकी १४ किलो घरी.

उजवीकडच्या मागच्या नटावरची पांढरी रेघ सलग आहे. कॅनॉपीचे पुढचे दोन क्लॅम्प मात्र पाऊण फेरा ढिले निघाले. त्यांखाली नायलॉनच्या नटांसोबत रुंद वायसर घालायचे आहेत. खणाच्या डाव्या पट्टीचे मागचे तीन स्क्रू वर आलेत, तिथला प्लाय १२ मिमीला कमी पडतो. आतून ॲल्युमिनियमची पट्टी, २०० ग्रॅम.